पांढऱ्या पाटीखाली

१

"सून विषबागेत जाऊन आली आणि त्याच आठवड्यात सासू गेली."

छप्पन सालच्या शिवरात्रीनंतर लालबागच्या त्या चाळीत नळावर दुसरा विषय नव्हता. जानेवारीतला गोळीबार, संचारबंदी, मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, हे सगळं बायकांनी तात्पुरतं बाजूला ठेवलं होतं. गेलेली सुंदराबाई मालवणकडची म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिवरात्रीच्या दुपारी तिने उपासाला उकडलेले कंद खाल्ले. संध्याकाळी घशाची आग सुरू झाली, मग उलट्या, मग जुलाब. इस्पितळात आधी पटकी समजून औषधं दिली. दोन-तीन दिवस तडफडून म्हातारी गेली तेव्हा एका तरुण डॉक्टरला संशय आला.

पोलिसांनी खोलीची झडती घेतली. खाटेखालच्या टोपलीत दोन कच्चे कंद मिळाले. कंद शिजवले होते सुनेने, शेवंतीने. आणलेही तिनेच होते. आणि महिनाभर आधी याच नळावर, कशावरून तरी पेटलेल्या भांडणात, ती चार बायकांदेखत बोलून गेली होती, "ही म्हातारी एक दिवस माझ्याच हातानं मरणार हाय." रागात माणूस काय वाटेल ते बोलतं. एरवी कुणी ते ध्यानात ठेवत नाही, या वेळी सगळ्यांनी ठेवलं.

वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते दोन कंद सब-इन्स्पेक्टर जगदीश मोकाशीने दिघे सरांच्या टेबलावर उलगडले.

माधवराव दिघे म्हणजे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दादरहून भोईवाड्याकडे जाताना त्यांचं बैठं घर होतं आणि घरामागे विहिरीपर्यंत पसरलेली बाग. कण्हेर, धोतरा, गुंज, काजरा, रुई, एरंड. गुलाब-मोगऱ्याला तिथे थारा नव्हता. माणसाला मारू शकेल ते सगळं सरांनी हौसेने लावलं होतं, मुलांना ओळखता यावं म्हणून. मोकाशी त्यांचाच विद्यार्थी. पोलिसात गेला, नायगावच्या लायनीत राहिला, तरी सरांसमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसायचा.

सरांनी कंद हातात घेतला. नांगराच्या फाळासारखा, दोन फाटे फुटलेला.

"कळलावी," ते म्हणाले. "एवढ्यात एखाद-दुसरं माणूस सहज जाईल."

"आपल्या बागेतली का, सर?"

सरांनी कंद पुन्हा कागदावर ठेवला. आसपास दुसरीकडे कुठे कळलावी नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

२

दर रविवारी सकाळी बाग लोकांसाठी उघडी असे. परिचारिका येत, वैद्य येत, आणि गेल्या वर्षभरात गिरणगावातली साधी माणसंही येऊ लागली होती. सरांची एक खुबी होती. विषारी झाडाशेजारी ते त्याचं साधंसुधं जुळं लावत, दिसायला तसंच पण पोटात घालायला निर्धास्त. विषारीला लाल पाटी, बिनविषारीला पांढरी. पावसाळ्यात घराच्या व्हरांड्याकडून वाफ्यांसमोर उभे राहून ते म्हणत, "डाव्या हाताला कळलावी, उजव्या हाताला कणगी. दोघी वेली, दोघींना कंद. एक देवाघरी पाठवते, दुसरी उकडून खाल्ली की कोकणातल्या माणसाला स्वर्ग दाखवते." विद्यार्थ्यांना हे पाठ होतं. पावसाळा सरला की दोन्ही वेली वाळून जात आणि वाफ्यांत नुसत्या पाट्या उरत. मग सर तिथे थांबतही नसत. फेरी संपताना मात्र त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "लाल पाटीला हात लावायचा नाही. पांढऱ्या पाटीखालचं खुशाल घरी न्या."

आता ते मोकाशीबरोबर व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. समोर दोन मोकळे वाफे. उजवीकडे लाल पाटी, डावीकडे पांढरी. पांढऱ्या पाटीखालची माती उकरलेली होती. लाल पाटीखालची घट्ट, भेगाळलेली.

"बाई म्हणते, सर, की मी पांढऱ्या पाटीखालून कणग्या काढल्या. म्हातारीला गावची कणगी खायची इच्छा झाली होती म्हणे."

"अशक्य. कणगीच्या वाफ्यात कणगीच निघेल."

"मग ही माती?"

"हे बघ, पांढऱ्याखाली तिने दाखवायला उकरलं. लालखालचा कंद काढून माती नीट चोपून बसवली. ज्याला लपवायचं असतं तो चोपतोच."

मोकाशी वाफ्यांकडे बघत राहिला. काहीतरी आठवल्यासारखं त्याने कपाळाला हात लावला. "सर, एकदा खणून पाहू या का? दोन्हीकडे?"

"कळलावी आत्ता झोपेत आहे. उन्हाच्या दिवसांत उघडी केली तर कुजेल." सरांचा आवाज चढला. "जगदीश, माझ्या पाटीवर तुझा भरवसा नाही का?"

झालं. मोकाशीने टोपी उचलली. त्या संध्याकाळी शेवंतीला कोठडीत नेलं.

सर अंघोळ करून पाटावर बसले. त्यांना चक्क हायसं वाटत होतं. बाग निर्दोष होती. पण पहिला घास घेताना त्यांना आपल्याच हायसं वाटण्याची लाज वाटली, आणि ती लाज पाणी पिऊनही खाली उतरेना.

३

बकुळाबाई, सरांची पत्नी, वाढता वाढता म्हणाल्या, "मला एक सांगा. विष घालणारी बाई उरलेलं विष टोपलीत सांभाळून ठेवते का हो?"

"घाबरली असेल."

"घाबरलेलं माणूस आधी तेच फेकतं. कुणासाठी ठेवले होते ते दोन कंद?"

सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. ज्या बाईला आपल्या शब्दावर कोठडीत घातलं, तिचं तोंडही त्यांनी धड पाहिलं नव्हतं. ही टोचणी घेऊन त्यांनी बरेच दिवस काढले. शेवटी एका सकाळी कोट चढवून ते चौकीवर गेले.

शेवंती भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर पदर गच्च. नायगावच्या बीडीडी चाळीत जन्मलेली, चौथी शिकलेली, लालबागला दिलेली. कोकण तिने बघितलेलंच नव्हतं.

"बाई, मी दिघे," सर म्हणाले. "बागेचा."

"ओळखलं. तुमीच म्हनालात, पांढऱ्या पाटीखालचं न्या." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "मी पाटी वाचूनच खणलं, सर. क, ण, गी. मला वाचता येतं."

"टोपलीतले दोन कंद कुणाचे?"

"ह्यांचे. पाळीवर गेलेले ना. रात्री येतील तवा ताजे उकडून देऊ म्हटलं. रात्री तर आई आडव्याच झाल्या."

"आणि तुम्ही? तुम्ही खाल्ले नाहीत?"

"नैवेद्याच्या आधी चाखायचं नसतं. मागनं एक फोड तोंडात घातली, कडूजहर लागली. अर्धी थुंकली. मला पन रात्री लई उलट्या झाल्या. पन आईंचं बघायचं का माझं सांगायचं? आई पन म्हनालेल्या, 'कडू लागतत गो, मुंबयची माती ती.' तरी खाल्ल्या त्यांनी."

बोलता बोलता तिने पदर सारखा केला. पदराबरोबर केसांचा एक पुंजका तिच्या हातात आला. तिने तो चोरून मुठीत दाबला.

"हे कधीपासून?" सरांनी विचारलं.

"चार दिस झाले. कोठडीचं पानी लागलं असंल."

सर उठून बाहेर आले आणि चौकीच्या व्हरांड्यात मोकाशीशेजारी बाकावर बसले.

"जगदीश, पाणी नाही रे हे. कळलावी पोटात गेली आणि माणूस त्यातून वाचला, तर पंधरवड्यात त्याचे केस असे झडतात. तिने खरंच खाल्लंय. नवऱ्यासाठी राखूनही ठेवलं होतं. तिला ते अन्नच वाटत होतं."

"म्हणजे कंद कुणीतरी बदलले," मोकाशी म्हणाला. "वाटेत."

सरांनी ती काडी घट्ट धरली. बुडत्याला कुणीही चालतं. "बागेतून चाळीपर्यंत पिशवी कुणाच्या हातात होती?"

"गुणाजीच्या. म्हातारीचा भाचा, त्यांच्याच खोलीत पथारी टाकतो. म्हातारीने त्याला शिमग्याआधी दुसरीकडे बघ म्हणून सांगितलं होतं. आणि सर, त्याने त्या दिवशी एकही कंद खाल्ला नाही."

४

लालबागच्या त्या खोलीत दगडू, शेवंतीचा नवरा, उंबऱ्यावर बसून होता. गिरणीत साच्यावर काम करणारा धिप्पाड माणूस, पण आई गेलेली आणि बायको कोठडीत, त्यामुळे कुणाच्या बाजूने रडावं हे त्याला समजत नव्हतं. सरांना बघून तो उठला आणि बाजूला झाला.

गुणाजी आत होता. पंचविशीचा, चळवळीतला, आवाज कायम बसलेला. सरांना पाहताच तो वाकून पाया पडला, आणि सरांना ते अगदी नको झालं.

"तू का नाही खाल्लेस कंद?" मोकाशीने थेट विचारलं.

"मी उपास करत नाय सायेब. खानावळीत जेवलो. मग शिवाजी पार्कला सभा होती. शंभर मानसं सांगतील."

"मावशीने तुला घालवायचं ठरवलं होतं."

"ती दर महिन्याला घालवायची," गुणाजी म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "रात्री जेवायला ठेवून पन द्यायची. पिशवी मी खांद्यावर आणली, ह्या खुंटीला टांगली आनि गेलो. आत काय होतं ते बघितलं पन नाय. कणगी मला तरी कुठं ओळखते? दीड वर्षाचा होतो मुंबईत आनला तवा."

पोरगा खरं बोलतोय हे त्यांना दिसत होतं. आणि तरीही तो खोटारडा निघावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. इतक्या वर्षांत कुणाचं वाईट चिंतल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

गुणाजी सरांकडे वळला. "सर, मला काय पन बोला. पन तुमच्या बागेचं वाईट मी करीन का? जानेवारीत फळ्या मिळत नव्हत्या मोर्चाला. तुमी आपल्या हातानं बागेतल्या सगळ्या पाट्या उपटून दिल्यात. त्यावर कागद डकवून आमी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिवलं. लाठ्या पडल्या, पन तुमची एक पाटी आमी मोडू दिली नाय. सगळ्या परत आनल्या."

"आणल्यास," सर पुटपुटले.

"तुमीच घेतल्यात ना आत. पुढच्या रस्त्यावर पोलीस बसलेले. मग आमाला तुमी मागनं, विहिरीकडनं घेतलंत. माळी गावी गेलेला. तुमी कागद सोलत होतात आनि तिथनंच एकेक पाटी रोवत होतात. घाई चाललेली, अंधार पडायच्या आत आमाला निघायचं होतं. मी म्हटलं, सर, बघून लावा. तुमी म्हनालात, मला बघायला लागत नाय रे."

दिघे सरांनी कोटाची बाही घट्ट धरली. मोकाशी आणखी काहीतरी विचारत होता. त्यांना ऐकू येत नव्हतं. "जगदीश," ते म्हणाले, "मला घरी जायचंय. आत्ता."

५

घरी आल्यावर त्यांनी कोटही काढला नाही. मोकाशी मागोमाग होता. सर थेट बागेच्या टोकाला विहिरीपाशी गेले आणि तिथून वळून वाफ्यांकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडे घर, व्हरांडा, आणि दारात आलेल्या बकुळाबाई.

बाकी प्रत्येक वाफ्यात झाड उभं होतं. कण्हेरीला कण्हेरीची पाटी लावायला डोळे मिटले तरी चालले असते. मोकळे होते ते हे दोनच.

सरांनी डावा हात पुढे केला. "डाव्या हाताला कळलावी," ते म्हणाले. मग उजवा. "उजव्या हाताला कणगी."

डाव्या हाताला लाल पाटी होती. उजव्या हाताला पांढरी. इथून, विहिरीकडून बघताना सगळं अगदी बिनचूक होतं.

मोकाशी व्हरांड्याकडे गेला आणि पायरीवरून वळून बघू लागला. तिथून त्याच्या डाव्या हाताला पांढरी पाटी होती. कितीतरी पावसाळे तो त्या पायरीसमोर उभा राहून ते वाक्य ऐकत आला होता.

"खुरपं आण," सर म्हणाले.

लाल पाटीखालची माती खरंच कुणी चोपली नव्हती. तिला कुणी हातच लावला नव्हता. सर गुडघ्यांवर बसून उकरत राहिले. हातभर माती निघाली आणि खाली कणग्या लागल्या. लांबट, केसाळ मुळ्यांच्या, मातीत एकमेकींना चिकटून बसलेल्या, एकही कमी न झालेल्या. मग ते पांढऱ्या पाटीकडे सरकले. तिथे दोन फाट्यांचे थोडेसे कंद उरले होते.

बकुळाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या नवऱ्याचा चेहराच सगळं सांगत होता.

"मी मारलं तिला," दिघे सर म्हणाले. "आणि वर दुसरीला फासावर द्यायला निघालो होतो."

"सर, चूक झाली ती पाटीची..."

"पाटीची चूक एक वेळ माफ होईल, जगदीश. तू खणू या म्हणालास तेव्हा मी काय म्हणालो? कंद कुजेल. बाई कोठडीत कुजली तरी चालेल, कंद कुजता कामा नये." त्यांनी मातीचे हात कोटालाच पुसले. "माझा जबाब लिहून घे. पहिल्यापासून. मी नको म्हणालो होतो तेही लिही."

मोकाशीने मान खाली घातली. "मलाही पायरीवर उभं असताना ते वाक्य आठवलं होतं, सर. डाव्या हाताला कळलावी. समोर उलटं दिसत होतं. पण तुमच्यापुढे कसं बोलणार?"

६

शेवंती सुटली. सरांना शिक्षा झाली नाही. वरच्या अधिकाऱ्यांनी अपघात म्हणून कागद मिटवला आणि मोकाशीने ते सांगितलं तेव्हा सर त्याच्यावर चिडले. बागेच्या दाराला कुलूप लागलं. चळवळीतली पोरं येऊन म्हणाली, सर, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही महाराष्ट्रासाठी पाट्या दिल्यात. सरांनी त्यांना चहाही विचारला नाही. महाराष्ट्रासाठी पाट्या दिल्या हे खरं होतं, पण परत रोवताना त्यांच्या मनात महाराष्ट्र नव्हता. आपल्याला बघावं लागत नाही, एवढंच होतं.

सुंदराबाईंचं महिन्याचं पान होतं त्या दिवशी ते लालबागला गेले. हातात पिशवी. चाळीतली माणसं गॅलरीत येऊन बघत राहिली. ज्या नळावर शेवंतीचं नाव निघत होतं तिथे आता सरांचं निघत होतं. ते त्यांना योग्यच वाटलं.

शेवंती चुलीपाशी होती. पदराखाली डोकं जवळजवळ उघडं पडलेलं. दगडू भिंतीकडे तोंड करून बसला होता. सरांनी हात जोडले.

"बसा," शेवंती म्हणाली.

"माझ्यामुळे..." सर म्हणाले.

"तुमी पाटी चुकलात. आग्रह मी केला." तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "दोन घास खाऊन त्या थांबल्या होत्या. कडू लागतंय म्हनून. मीच म्हटलं, 'खावा की, तुमच्यासाठी मातीत हात घालून आनल्यात.' नळावर बोलले ते मला लागून राहिलं होतं ना. वाटलं, कणगी खाऊन आई माझ्याशी बोलतील. मला बरं वाटावं म्हनून खाल्लं त्यांनी सगळं."

दगडूने तोंड वळवलं नाही, पण त्याचे खांदे हलत होते.

"दहाव्याला कावळा शिवला नाय," शेवंती म्हणाली. "लोक म्हनाले, सुनेनं मारलं म्हनून. मला माहीत हाय कशापायी ते. त्यांना कणगी हवी होती. ती काय त्यांच्या पानात पडलीच नाय."

सरांनी पिशवी पुढे केली. लाल पाटीखालच्या कणग्या. बकुळाबाईंनी मीठ घालून उकडून दिलेल्या, फडक्यात बांधलेल्या, अजून कोमट.

शेवंतीने फडकं सोडलं. एक कणगी हातात घेऊन ती बराच वेळ फिरवून बघत राहिली. दारात गुणाजी येऊन उभा राहिला होता.

"सर," तिने विचारलं, "ही कणगीच हाय ना?"

चाळीस वर्षं माधवराव दिघ्यांनी असल्या प्रश्नाला तत्काळ उत्तर दिलं होतं. पान न चुरडता, वास न घेता, कधी कधी न बघताही. आताही त्यांना ठाऊक होतं. उकडण्याआधी त्यांनी एकेक कंद उजेडात धरून तपासला होता, बकुळाबाईंना दाखवला होता, पुन्हा तपासला होता. पण "हो" म्हणायला त्यांचं तोंड उघडेना.

त्यांनी तिच्या हातून कणगी घेतली, मोडली आणि सगळ्यांदेखत पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. ती गोड होती. मग ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि थांबा म्हणाले. बराच वेळ थांबा, घाई करू नका. मला काही होत नाही हे नीट बघा, आणि मगच आईंचं पान वाढा.

शेवंतीने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं आणि पदर सावरून ती त्यांच्यासमोर बसली, वाट बघत.